सुमीसाठी दिवाळीची भेट

सकाळी अकराची वेळ, बारामतीतलं जनरल स्टोअर्स. ब्याण्णव-त्र्याण्णवची दिवाळी असेल. कन्हेरी गावची माझी भाची सुमी तेव्हा पंधरा वर्षांची. बोलायची कमी, फटाका वाजला की कान दाबून बसायची. तिच्यासाठी भेट घ्यायला तिलाच घेऊन गेलो होतो.

दुकानदार म्हणाला, "तात्या, खुळखुळा न्या. हिला काय कळतंय?"

"पोरगी समोर उभी आहे, जरा लाज बाळगा!" मी दुकान डोक्यावर घेतलं. तोवर सुमीनं एक कुलूप उचललं होतं.

"मामा, ह्येच पायजे."

"कुलूप कशाला गं?"

"माझ्या पेटीला. समदी उचकत्यात."

घेतलं. किती खुलली होती तेव्हा! पेटी कोण उचकत होतं, ते मात्र त्या घरातल्या एकानंही अजून कबूल केलेलं नाही.