गळका मांडव

हार्डवेअरच्या दुकानात माझ्यापुढे एक नवरा-बायको उभे होते. त्याच्या काखेत नवीकोरी ताडपत्री होती.

“अहो, आधी विचारायचं तरी!”

“काय विचारायचं? शेजारचे आजोबा अंगणात मांडव घालून जेवायला बसणार, वर नुसता पाला, त्यातून आभाळ दिसतंय. म्हटलं, म्हातारा माणूस भिजेल. झाकला मी.”

“आभाळ दिसायलाच हवं असतं. यहुदी लोकांचा सणच तो. सणात जेवायचं ते त्या मांडवातच, आणि वर ताडपत्री टाकली की तो मांडव धरतच नाहीत.”

“मग तोंडाने सांगायचं ना! उलट माझे आभार मानले.”

“आभार मानले आणि उपाशी झोपले. सणाच्या दिवशी असलं काम त्यांना निषिद्ध, म्हणून ती स्वतः काढता येत नाही, आणि तुम्हाला सांगायचा संकोच. आजी सकाळी रडवेल्या होऊन बोलल्या.”

“भलं करायला जावं तर हे!”

“आज त्यांनी आपल्याला जेवायला बोलावलंय. गुमान चला.”

“त्या मांडवात? आणि पाऊस आला तर?”

“तर तेवढ्यापुरती घरात बसून जेवायची मुभा असते. त्यांना काय भिजायची हौस आहे?”

तेवढ्यात दुकानदाराने विचारलं, “परत का आणलीत? गळते का?”

“थेंबभर गळत नाही हो,” नवरा वैतागून म्हणाला, “तोच तर घोळ झालाय!”