दाराच्या खांबात भरलेली पुट्टी

मला सगळे पेंटरकाका म्हणतात. वय अडुसष्ट, शिक्षण चौथीपर्यंत, धंदा गाड्यांचे पोचे काढून रंग देण्याचा. राहणार मुलीच्या आणि जावयाच्या घरी, मागच्या खोलीत. ठाण्यात स्वतः येऊन सांगतो की, मला यायला नऊ दिवस उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. दोनदा फाटकापर्यंत येऊन परत गेलो होतो. पहाऱ्यावरच्या हवालदारांनी पाहिलं असेल.

धुलाई कारखान्याच्या बायकांची ने-आण करणारी जुनी व्हॅन माझ्या जावयाच्या मालकीची आहे. नऊ दिवसांपूर्वी सकाळी सव्वासातला पुलाच्या वळणावर तिचं मागचं डावं दार चालत्या गाडीत उघडलं आणि दाराला टेकून बसलेली इस्त्रीवाली बाई खाली पडून मेली. दार नीट लावलं नाही म्हणून ड्रायव्हरला आत ठेवलं आहे. मी तिथे नव्हतो. पण दार लावलेलं होतं, हे मला माहीत आहे. कसं ते सांगतो.

अपघाताच्या तीन आठवडे आधी, गुरुवारी संध्याकाळी, जावयाने व्हॅन माझ्या वर्कशॉपवर रंगाला आणली. सोमवारी गाडीची तपासणी होती. शुक्रवारी सकाळी मी साबणाच्या पाण्याने गाडी धुतली, काचा आणि दिवे कागदाने झाकले आणि जुना रंग घासायला घेतला. मागच्या डाव्या दाराच्या खांबावर रंगाला फोड आले होते. पापुद्रा काढला तर खालचा पत्रा कुजलेला. बोट लावलं, ते आत गेलं. दाराचं कुलूप ज्याला पकडतं तो लोखंडी आकडा याच खांबावर दोन स्क्रूंनी बसवलेला असतो.

जावयाला बोलावून दाखवलं. म्हटलं, "जावईबापू, हे रंगाचं काम नाही. पत्रा कापून नवा वेल्ड करावा लागेल."

ते म्हणाले, "वेल्डर पुढच्या गुरुवारशिवाय मोकळा नाही, बाबा. तुम्ही भरून टाका. रंगाखाली कोण बघतंय?"

मी म्हटलं, "बघत कोणी नाही."

एवढंच म्हटलं. पुढे ताणलं नाही. मी त्यांच्या घरी राहतो, हे लिहायचं असेल तर लिहा.

गंज खरवडला. आकडा काढून ठेवला. भोकात तारेची जाळी आणि वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, वरून पुट्टी भरली. वाळल्यावर पाणी मारून आधी जाड, मग बारीक पॉलिशपेपरने घासलं. डोळे मिटून हात फिरवला. पुट्टी कुठे संपते आणि पत्रा कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. चाळीस वर्षं मी हीच परीक्षा लावतो. हाताला काही लागलं नाही म्हणजे काम झालं. प्रायमर मारला, रंग मारला. मग पुट्टीतच भोकं पाडून आकड्याचे स्क्रू आवळले. दार दहा-बारा वेळा आपटून पाहिलं. आवाज भरीव आला. मला वाटलं, धरेल. खोटं कशाला सांगू, हात अजून तसाच चालतो म्हणून बरंही वाटलं.

सोमवारी सकाळी गाडी न्यायला ड्रायव्हर आला. गाडीभोवती फिरून म्हणाला, "पेंटरकाका, म्हातारीला नवरी केलीत की. आतून म्हातारीच आहे ना पण?" मी हसलो. त्या दाराला कोणाला टेकून बसवू नकोस, एवढं तरी सांगता आलं असतं. मी किल्ली दिली. तपासणीत गाडी पास झाली.

अपघाताच्या दिवशी दहाच्या सुमारास जावई वर्कशॉपवर आले. फडक्यात गुंडाळलेला तो आकडा त्यांनी माझ्या हातात दिला. म्हणाले, "पोलीस यायच्या आधी दाराच्या कुलपातून ओढून काढलाय. भंगारात टाका आणि विसरा." कुलपाने आकडा पकडून ठेवला होता, याचा अर्थ दार लागलेलं होतं. आकडाच खांबातून उपटून आला.

मी तो टाकला नाही. आज स्क्रूंसकट साहेबांच्या टेबलावर ठेवला आहे. स्क्रूंच्या आट्यांमध्ये गुलाबी पुट्टी दिसेल. पुट्टी कडक व्हायला तिच्यात लाल हार्डनर मिसळतात, मी तो थोडा जास्त घालतो, म्हणून माझी पुट्टी इतकी गुलाबी होते. आणखी खात्री हवी असेल तर व्हॅनच्या दोन्ही खांबांना चुंबक लावून बघावं. उजवीकडे चिकटेल. डावीकडे, आकड्याच्या भोकांपाशी, गळून पडेल.

आज सकाळी निघताना मुलगी दारात उभी होती. म्हणाली, "बाबा, तुम्हाला कोणी विचारलंय का?"

मी म्हटलं, "नाही."

"मग कशाला जाताय?"

मी चपला घालायला वाकलो. ती म्हणाली, "त्या चपलासुद्धा यांनीच आणल्यात." मी त्या काढून ठेवल्या आणि वर्कशॉपमधल्या जुन्या घालून आलो.

मेलेल्या बाईच्या घरी कोण कोण आहे, याची मी चौकशी केलेली नाही. माझी हिंमत झाली नाही.

वरचा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. एका ठिकाणी "जावयाच्या दबावाखाली पुट्टी भरण्यात आली" असं लिहिलं होतं. तिथे "मी भरली" असं करून घेतलं. बाकी मी सांगितलं तसंच आहे, म्हणून सही करतो. ड्रायव्हरला कधी सोडणार ते लवकर कळवावं, ही हात जोडून विनंती. निरोप घरी देऊ नये, वर्कशॉपवर द्यावा. ड्रायव्हरची बायको रोज सकाळी तिथे येते आणि मला विचारते, "काका, तुम्हाला गाड्यांमधलं कळतं, दार असं आपोआप उघडतं का हो?" उद्याही येईल.