विसरल्या का बघ

काका : अगं, अशी वाकून काय आलीस? कंबर धरलीय का?

मुलगी : नाही हो. अशीच. काका, या सगळ्या टाक्या आजच रिकाम्या करायच्या?

काका : संध्याकाळपर्यंत. उद्या दुसऱ्या कुणाची यंत्रं येणार इथे. तुझी आई होती तोवर तिच्या या प्रयोगशाळेला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

मुलगी : आणि मासे?

काका : त्यासाठीच तुला बोलावलं. या डावीकडच्या टाकीतल्या खवल्या. आपल्याच तळ्यातल्या. त्यांना परत तळ्यात सोडायचं तिच्या मनात होतं. पण तिथे आता तो मोठा मिशीवाला मासा शिरलाय. बाहेरून पाळायला आणला, पुरात निसटला. खवल्यांना त्याची ओळखच नाही. बिनधास्त त्याच्या तोंडासमोरून जातात.

मुलगी : म्हणजे सोडल्या की त्याच्या घशात.

काका : त्याचा वास ओळखता आला तर नाही. तिने तेच शिकवलं होतं. पण ती आजारी पडल्यापासून कुणी तपासलेलं नाही. विसरल्या असतील, तर मग जन्मभर काचेत.

मुलगी : वास शिकवतात कसा?

काका : खवलीची कातडी सोलवटली की पाण्यात एक वास सुटतो. तो आला की बाकीच्या तळाला जाऊन थिजतात. ते उपजतच. त्याच वेळी मिशीवाल्याच्या टाकीतलं पाणी सोडायचं. दोन्हींची गाठ बसते. पुढे नुसतं ते पाणी पुरतं.

मुलगी : आणि हे उजवीकडचे? गप्पी ना?

काका : हो. डास खायला बोलावले आणि घरजावई झाले. त्यांची तऱ्हा निराळी. धोका दिसला की त्यांच्यातले दोघं-तिघं पुढे जाऊन जवळून बघून येतात. बाकीचे त्यांच्या वागण्यावरून ठरवतात, पळायचं की नाही.

मुलगी : म्हणजे आमची मावशी! गल्लीत भांडण झालं की आधी ती बघून येणार.

काका : आणि तू खवली.

मुलगी : मावशीला तेच खुपतं. ‘आई गेली, पण पोरीच्या डोळ्यांत टिपूस नाही. दगड झालीय नुसती.’

काका : दगडाला कल्ले नसतात. तुझी आई म्हणायची, थिजलेल्या माशाचे कल्ले बघत जा.

मुलगी : काका, दवाखान्यात ती एकदा म्हणाली, ‘विसरल्या का बघ.’ मला वाटलं, किल्ल्या. म्हटलं, ‘नाही विसरल्या. पर्समध्ये आहेत.’

काका : किल्ल्या!

मुलगी : ती हसली. पुन्हा विचारलंच नाही.

काका : मग आता तूच बघ. हा ड्रॉपर घे. मिशीवाल्याच्या टाकीतलं पाणी आहे. कोपऱ्यात सोड, हळूच.

मुलगी : मी नको. तुम्हीच सोडा.

काका : तूच. पहिल्या थेंबापासून हात तुमच्याच घरचा आहे.

(ती थेंब सोडते.)

मुलगी : काही नाही झालं. तशाच फिरतायत.

काका : धीर धर. वास पोचू दे.

मुलगी : विसरल्या, काका. किती दिवस झाले, विसरणारच… अहो, ती बघा. ती खाली गेली. तिच्यामागून… काका, सगळ्याच!

काका : शू.

मुलगी : वाळू कुठली आणि मासा कुठला, कळत नाही. लक्षात राहिलं त्यांच्या. आईने शिकवलेलं.

काका : आईने शिकवलेली यांत एकही नाही.

मुलगी : म्हणजे?

काका : तिने थोड्यांना शिकवलं. त्यांच्यात नवख्या सोडल्या. जुन्या दबल्या की नवख्याही बघून दबायच्या. मग जुन्या काढून घेतल्या, आणखी नवख्या घातल्या. पुन्हा तेच. असं करत करत या. यांनी मिशीवाला पाहिलेला नाही. ज्यांना पहिल्यांदा शिकवलं, त्या खवल्याही यांनी पाहिलेल्या नाहीत.

मुलगी : तरी माहीत आहे.

काका : तरी. माझे केस याच कामात पिकले, पण हे बघताना अजून अंगावर काटा येतो.

मुलगी : कल्ले हलतायत, काका. बाकी काही नाही, तेवढेच.

काका : हलणारच. चल, डबे भरू. ऊन आहे तोवर तळं गाठायला हवं. मी पलीकडची जाळी घेतो—

मुलगी : काका, तसे नका जाऊ! खिडकीतून सावली पडेल तुमची टाकीवर. वाकून जा.

काका : वाकून? हे कुणी शिकवलं तुला?

मुलगी : कुणी नाही. घरी खिडकीपाशी टाकी होती. आई तिथून अशीच जायची.

काका : आणि तू तिच्यामागून.

मुलगी : …काका, रुमाल आहे का तुमच्याकडे?

काका : आहे. ये. वाकूनच ये पण.