नेटशिवाय चालणारं कुलूप

हसू नका, आमच्या कट्टा गावात नेट मनात येईल तेव्हा असतं, म्हणून मी नेट न लागणारं, नंबर दाबून उघडणारं कुलूपच शोधून घेतलं. तरी बांदा गावी लग्नाला गेलो, तिथे जेवणात लक्ष लागेना. बायकोला तीनदा विचारलं, "दार नीट लागला मा?"

ती म्हणाली, "गप जेवा. पावणो इलो तर म्हणान नंबर शेजारच्या मेरीबायक सांगलंय. चावी ठेवतंव ना, तसोच."

मी पानावरून उठलो. घरी पोचलो तर माजघरात बायकोचे आंबोलीचे मामा, पहिल्यांदाच आलेले, स्वतः केलेला चहा पीत बसलेले.

"मामानू, तुमका नंबर कोणी दिल्यान?"

"बस स्टॉपवर तुमच्या घराची वाट इचारलंय. वाट सांगणाऱ्यान नंबरय सांगितल्यान."