सुनेची रिपीटर बॅच

लातुरात कुणाचंही शिक्षण क्लास लावल्याशिवाय पुरं होत न्हाई, हे मी उगाच म्हणत नाही. आमच्या दाजींचंच बघा. त्यांनी आयुष्यभर ट्यूशन घेतल्या. त्यांच्या पोरानं, म्हणजे माझ्या भाच्यानं, इंडोनेशियाची बायको करून आणली. माझ्या अक्काला सुनेशी बोलायची लई हौस, पण दोघींची भाषा जुळंना. शेवटी सूनच अक्काला आपली भाषा शिकवायला बसली.

‘बेली’ म्हणजे विकत घेणं. आधी ‘मेम’ लावलं की घेणाऱ्याबद्दल बोलणं, ‘दि’ लावलं की घेतलेल्या वस्तूबद्दल. सून हळूहळू समजावून सांगत होती.

दाजींना राहवलं नाही. “अशानं पोर्शन कधी संपायचा?” म्हणत त्यांनी तिच्या हातातला खडू घेतला, सगळे उपसर्ग फळ्यावर मांडले आणि सुनेलाही अक्काशेजारी सतरंजीवर बसवलं. रविवारी टेस्ट!

टेस्टमध्ये भाषांतराला वाक्य आलं, ‘आई भाजी विकत घेते.’ अक्कानं ‘मेम्बेली’ लिहिलं. सुनेनं नुसतं ‘बेली’. दाजींनी त्यावर लाल रेघ ओढली.

भाचा म्हणाला, “पप्पा, तिची मातृभाषा हाय ती! घरी बोलताना तिकडं ते ‘मेम’ कुणी लावत न्हाई.”

“घरी काय बी बोला. पेपरात लावावं लागतंय.”

अक्का पहिली आली. सून सध्या रिपीटर बॅचला आहे. तिची तयारी अक्काच करून घेती, स्वयंपाकघरात, भाकरी थापता थापता, सुनेच्याच भाषेत.