गाळातलं खापर

उन्हासाठी तोंडावर स्कार्फ बांधून एसटीत बसलेल्या मोहिनीबाईंना पुढच्या सीटवरून आपल्याच वर्गातल्या दीपमालाचा आवाज आला. सोबत तिचे आजोबा होते.

"आबा, आपल्या वावरात हजारो वर्षांपूर्वी गाव होतं. हे नक्षीचं खापर तिथंच सापडलं."

"बेटा, हाई खापर आपला वावरनं नई शे. मागला साल तलावना गाळ टाकेल व्हता, त्यामा उनं व्हई."

"म्हणजे गाव तलावापाशी होतं?"

"माले काय मालूम."

"मग उद्या शाळेत चला."

"मी कसाले?"

"बाई म्हणतात, वस्तू कुठून आली ते आणणाऱ्यालाच विचारायचं. गाळ तुम्हीच आणला ना? आणि आबा, ते धोतराला पुसू नका. माती पण पुरावा असते."

"मंग मी बी उद्या बिगर आंघोळना येसू."