बिनगळाचा स्पिनर

न्यूझीलंडमधल्या वानाका गावात मासेमारीच्या सामानाच्या दुकानात मुग्धा जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घेऊन रांगेत उभी होती. पुढे साठीचं एक जोडपं. नवरा ट्रेमधले सुटे गळ उचलत होता, परत ठेवत होता. मराठी कानावर पडलं तसं मुग्धाने मुद्दाम मोबाइलमध्ये डोकं घातलं.

"अहो, घ्या ना एक कुठला तरी."

"घरी मासे भुलवायचा स्पिनर आहे की, सुलेखा. पाती कशी मस्त फिरते त्याची."

"पाती फिरते. त्याला गळ कुठाय?"

"तुला कोणी सांगितलं?"

"सामानाचा डबा मीच आवरते तुमचा. तीन वर्षं तुमच्या त्या मित्राच्या, ब्रायनच्या बोटीमागे नुसती पाती फिरवताय आणि हात हलवत घरी येताय."

"त्याला यातलं काही बोलू नकोस. त्याला वाटतं, सॅमन माझ्यावर रुसलाय."

"बोलायचं असतं तर केव्हाच बोलले असते."

"मासा तडफडताना बघवत नाही गं. मी जातो ते ब्रायनशी गप्पा मारायला."

"ठाऊक आहे. पण परवा त्याची बायको काय म्हणाली? पुढच्या सीझनला तो नसेल."

"ऐकलं मी."

"तुमच्या गळाला एकदा तरी मासा लागलेला बघायचाय म्हणे त्याला."

"आणि लागलाच तर?"

"तर ओढा. खायला तो आहे."

"हात थरथरतील माझे."

"त्याचेही थरथरतात हल्ली."

काउंटरवरची मुलगी "किया ओरा" म्हणाली, इथला माओरी नमस्कार. नवऱ्याने हातातल्या गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिलं.

"हा नको. घसरतोय. जरा रुतणारा बघू."